आरसी रेसिंगसाठी हॉटा डी-६ प्रो: वॅटचा हिशोब आधी, पैसे नंतर

रिमोटवर चालणारी (आरसी), खऱ्या गाडीच्या एक-दशांश आकाराची इलेक्ट्रिक बग्गी शर्यतीत पळवायची आहे आणि चार्जर एकच घ्यायचा आहे, असं कुणी विचारलं तर मी हॉटा डी-६ प्रो सांगतो. फक्त ६५० वॅटचा आकडा वाचून तो घेऊ नका. तो आकडा डीसीवर, म्हणजे बाहेरच्या बॅटरीवर वगैरे, चालवला तरचा आहे, दोन्ही चॅनेलचे (एकेक पॅक लावायच्या दोन जागांचे) ३२५-३२५ मिळून. घरातल्या सॉकेटला, म्हणजे एसीवर, लावला की दोन्हीला मिळून २०० वॅटच मिळतात. मला तेवढे पुरतात. का पुरतात ते सविस्तर सांगतो, कारण चार्जर कुठलाही घ्या, हा हिशोब आधी मांडायलाच हवा.

आपले शर्यतीचे लिथियम-पॉलिमर पॅक बहुधा टू-एस, म्हणजे दोन सेलचे, ७.४ व्होल्टचे, ५००० एमएएचच्या आसपास. वन-सीने, म्हणजे पॅकची जेवढी क्षमता तेवढ्याच करंटने, चार्ज करायचं म्हणजे ५ ॲम्पिअर. पॅक भरत आला की व्होल्टेज ८.४ होतं. पाच गुणिले ८.४, झाले ४२ वॅट. दोन पॅक एकदम लावले तर ८४. दोन हीटमध्ये (शर्यतीच्या फेऱ्यांमध्ये) वेळ कमी असेल आणि पॅक बनवणाऱ्याने टू-सी चालेल असं लिहिलं असेल, तर १० ॲम्पिअरने दोन्ही मिळून १६८. तरीही २०० च्या आत. एक-अष्टमांशवाल्यांनी मात्र नीट बघावं. ६५०० एमएएचचे दोन फोर-एस पॅक वन-सीने लावले तर शेवटी शेवटी २१८ वॅट लागतात. तेवढे एसीवर मिळत नाहीत, मग चार्जर करंट खाली आणतो आणि तुम्ही घड्याळाकडे बघत बसता.

याच हिशोबाने स्कायआरसीचा जुना बी-सिक्स एसी, ५० वॅटचा, एका टू-एस पॅकला व्यवस्थित पुरतो. नव्याने सुरुवात करणाऱ्या पोरांना मी तोच सांगतो, पण अस्सल. त्याच्या तोंडावळ्याच्या नकला बाजारात ढीगभर आहेत. घेतल्या घेतल्या एक काम करा: पॅक पूर्ण भरल्यावर चांगल्या मल्टिमीटरने प्रत्येक सेल वेगळा मोजा आणि स्क्रीनवरच्या आकड्याशी ताडून बघा. एका मित्राच्या बिननावाच्या चार्जरवर स्क्रीन ४.२० व्होल्ट दाखवत होता आणि मीटर ४.२४. हा फरक छोटा नाही.

का नाही ते माझ्या धंद्यावरून मला चांगलं कळतं. मिरजेत माझं बॅटरीचं दुकान आहे. ट्रॅक्टर, टेम्पो, इन्व्हर्टर, दिवसभर लेड-ॲसिडच. लेड-ॲसिड सोशिक असते. चार्ज थोडा जास्त झाला तर पाणी उडतं. डिस्टिल्ड वॉटर घातलं की पुढे चालू. लिथियम-पॉलिमरचं तसं नाही. सेलला ४.२० व्होल्ट म्हणजे ४.२०. त्याच्या वर नेलं की आत गॅस धरतो, पॅक फुगतो, आणि त्याहून पुढे गेलं तर आग. हार्डकेसमध्ये, म्हणजे कडक प्लास्टिकच्या कवचातल्या पॅकमध्ये, फुगवटा लवकर दिसतही नाही. शिवाय रीतसर शर्यतीत टू-एस पॅकला ८.४० ची मर्यादा असते आणि गाडी ट्रॅकवर जाण्याआधी ती मोजली जाते. चार्जर खोटं बोलला तर गाडी बाजूला काढली जाईल.

हॉटाने माझं मन जिंकलं ते इथे. शेवटची दहा मिनिटं त्याच्या स्क्रीनकडे बघत बसावं. एक सेल ४.१९९ ला येऊन थांबलेला, दुसरा ४.१८२ वरून हळूहळू चढतोय, करंट ५ वरून ३, मग दीड, मग अर्ध्या ॲम्पिअरच्या खाली. बॅलन्सिंगचा, म्हणजे सगळे सेल एका पातळीला आणण्याचा, करंट बी-सिक्स एसीमध्ये ३०० मिलिॲम्पिअर असतो. हॉटात तो दीड ॲम्पिअरच्या घरात जातो. त्यामुळे सेलमध्ये तफावत पडलेला जुना पॅकसुद्धा फार न रेंगाळता जुळतो. प्रत्येक सेलचा अंतर्गत रोधही मिलिओममध्ये दिसतो; तो जितका कमी तितका सेल चांगला. माझ्या एका पॅकमध्ये एक सेल ३ दाखवतो आणि दुसरा ७. तो पॅक मी सरावाला ठेवलाय, शर्यतीला नेत नाही. हे आकडे वायर आणि कनेक्टरप्रमाणे बदलतात, म्हणून दुसऱ्याच्या चार्जरवरच्या आकड्याशी तुलना करू नका. पॅक गरम असला की रोध कमी दिसतो, त्यामुळे मे महिन्यातला आकडा डिसेंबरपेक्षा गोजिरवाणा वाटतो. आकड्याशेजारी तारीख लिहून ठेवत जा.

दुकानात शाळेतली पोरं विचारतात, "काका, जास्त वॅटचा घेतला तर गाडी जास्त पळंल का?" "नाही रे बाळा," मी सांगतो, "वॅटनं पॅक लवकर भरतो. शेवटच्या लॅपला गाडी दमत नाही ती दोन्ही सेल सारखे असले तर."

आता मैदान. रविवारी आम्ही मातीच्या मोकळ्या जागेत ट्रॅक आखतो, तिथे वीज नाही. म्हणजे १२ व्होल्टची गाडीची बॅटरी, आणि इथे खोक्यावरचे ते ३२५ वॅट बघून पुष्कळ जण फसतात. चार्जर देईल हो, पण बॅटरीने द्यायला हवेत ना? ३२५ वॅट म्हणजे बॅटरीतून २७ ॲम्पिअरच्या वर ओढ, तीही एकाच चॅनेलसाठी. छोट्या कारची ३५ एएचची बॅटरी इंजिन सुरू करायला बनवलेली असते, तासन्‌तास उपसायला नाही. निम्म्याच्या खाली नेली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि पुढच्या महिन्यात गिऱ्हाईक माझ्याच दुकानात येतं. हिशोब असा: बारा गुणिले ३५ म्हणजे ४२० वॅट-तास, निम्मे वापरायचे म्हणजे २१०. एका ५००० एमएएच टू-एस पॅकमध्ये ३७ वॅट-तास मावतात, चार्जरमध्ये वाया जाणारे धरून बेचाळीस-पंचेचाळीस. म्हणजे चार पॅक, फार तर पाच. त्यापुढे गाडी ढकलायची तयारी ठेवा. मी इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी टेम्पोत टाकून नेतो, ती असल्या कामासाठीच असते. हॉटात इनपुट व्होल्टेजची खालची मर्यादा ठरवता येते. ती नक्की लावा. बॅटरी तिथवर उतरली की चार्जर आपण होऊन थांबतो. बारा व्होल्टच्या लेड-ॲसिडला मी ११.८ ठेवतो.

उन्हाचं तर बोलायलाच नको. लिथियम-पॉलिमर ४५ अंशांच्या वर चार्ज करायचा नसतो आणि आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये सावलीतच ४० होतं. गाडीतून काढलेला पॅक हाताला चटका देत असेल तर अजिबात लावू नका, निवू द्या. चार्जर लिंबाखाली, जमिनीपासून उंच, वाऱ्याला तोंड करून. दोन्ही चॅनेल जोरात चालू असले की हॉटाचा पंखा चांगलाच आवाज करतो. घरात रात्री अभ्यासाच्या खोलीत तो नकोसा होईल. आणि कुठलाही चार्जर लावून झोपायला जाऊ नये, तो कितीही भारी असो.

वायर वेगळ्या घ्याव्या लागतात. चार्जरला एक्सटी-६० कनेक्टर, आपल्या हार्डकेस पॅकला ४ किंवा ५ मिलिमीटरचे बुलेट (गोल पिनचे कनेक्टर), शिवाय बॅलन्सची बारीक पिन. जोडताना आधी चार्जरची बाजू, मग पॅक. काढताना आधी पॅक. उलट केलंत तर दोन उघडे बुलेट हातात लोंबकळतात, त्यांच्यात भरलेल्या पॅकचं व्होल्टेज असतं, आणि ते एकमेकांना लागले की ठिणगी नाही, सरळ धातू वितळतो. पोरांच्या हातात चार्जर देण्याआधी हा क्रम मी त्यांच्याकडून करून घेतो, परत परत.

कमतरता म्हणाल तर एक खटकते: डिस्चार्ज. पाऊस आला, शर्यत रद्द झाली, पॅक पूर्ण भरलेले राहिले, तर ते सेलमागे ३.८ व्होल्टच्या आसपास उतरवून ठेवायला हवेत. हॉटा स्वतःच्या अंगावर चॅनेलमागे १५ वॅटच जिरवतो, म्हणजे एका पॅकला सव्वा तास तरी जातो. बी-सिक्स एसीचे ५ वॅट बघता हे बरंच बरं, तिथे चार तास मोडतात. पण याच्या पैशांत साधे दोन-तीन चार्जर येतात, तेव्हा इथे थोडी जास्त अपेक्षा होती.

निकेल-मेटल हायड्राइडचे ७.२ व्होल्टचे पॅकही तो नीट भरतो, आणि लेड-ॲसिडचा मोडही आहे. दुकानात स्कूटरच्या छोट्या बॅटऱ्यांना मी तो अधूनमधून लावतो. तुमची एकच गाडी असेल, दोनच पॅक असतील आणि घरीच भरून नेणार असाल, तर बी-सिक्स एसी घ्या आणि उरलेल्या पैशांत एक चांगला तिसरा पॅक घ्या.