लॉनऐवजी पिंटो भुईमूग: ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या नर्सऱ्यांतली रोपं घ्यावीत का?

घ्यावीत, पण पारखून. बारमाही हिरवा, पिवळ्या फुलांचा, जमिनीलगत पसरणारा पिंटो भुईमूग हल्ली इथल्या बऱ्याच नर्सऱ्यांत काळ्या पिशव्यांतून मिळतो. वर्षातून एक-दोनदा 8-10 सेंमीवर छाटला की भागतं. मुलांच्या क्रिकेटला मात्र तो पुरा पडत नाही.

एक पिशवी सोडवून दाखवायला सांगा. मातीचा गोळा अख्खा निघाला आणि मुळांवर बारीक गाठी दिसल्या तर रोप चांगलं रुजलेलं आहे. गाठ नखाने फोडा, आत गुलाबी रंग हवा. त्यातलेच जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला पुरवतात. त्यामुळे विकणारा ‘युरिया घाला, भरभर पसरेल’ म्हणाला तरी घालू नका. युरियाने नव्या गाठी धरत नाहीत. नुसत्या फांद्या खोचलेल्या पिशव्याही खपवल्या जातात. हलकेच ओढली की फांदी हातात येते, ती घेऊ नका.

लागवड जूनमध्ये, जमीन नीट भिजल्यावर. 25 सेंमी अंतर धरलं तर चौरस मीटरला 16 रोपं, म्हणजे 100 चौरस फुटांना साधारण 150. सोसायट्यांची जमीन बहुधा भरावाची, म्हणून 15 सेंमी खणून डबर वेचा आणि चौरस मीटरला 3-4 किलो कुजलेलं शेणखत मिसळा.

खरी मेहनत लव्हाळा या तणाची. वाफा आधी भिजवा, लव्हाळा उगवू द्या, खुरप्याने जमिनीतल्या गाठीसकट काढा आणि हेच पुन्हा एकदा करा. पिंटोची जाळी धरल्यावर नुसतं पातं तुटून हातात येतं, गाठ खालीच राहते आणि आठवड्यात नवा कोंब वर येतो. बहुतेक वाफे इथेच फसतात.

पाच-सहा तास ऊन हवं. टॉवरच्या सावलीत दांडे लांबतात, फुलं तुरळक येतात. पाणी तुंबलं की मुळं कुजतात, म्हणून उतार द्या. मे महिन्यात लाल कोळी ही पानांचा रस शोषणारी बारीक कीड पडली तर पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा. पावसात गोगलगायी येतात. संध्याकाळी हातमोजे घालून वेचा.

पिंटो संपला की वेडेलिया पुढे केला जातो. तोही पिवळ्या फुलांचा आणि झपाट्याने पसरणारा, पण तो घेऊ नका. पेरापेराला मुळं फुटणारी ही वेल जगातल्या 100 सर्वांत घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे आणि इथून येऊरचं जंगल हाकेच्या अंतरावर आहे. आधीच लावला असेल तर छाटलेला एकही तुकडा नाल्यात टाकू नका. ओल्या काठावर तो सहज रुजतो.