कोटेशनच्या नावाखाली फुकटात करून घेतलेले काम

इंटिरियरची कामे स्वतंत्रपणे घेणाऱ्या प्रत्येकाला ‘आधी थोडे काम करून दाखवा, पैशांचे नंतर बघू’ हे कधी ना कधी ऐकावे लागते. मला ते अतिशय सभ्य शब्दांत ऐकवले गेले आणि त्यातून माझी पुरती फसवणूक झाली. या व्यवसायात नव्याने उतरणाऱ्यांवर तशी वेळ येऊ नये, म्हणून तो प्रकार तपशिलाने लिहीत आहे.

ग्राहकांना राहत्या घराचे स्वयंपाकघर आणि दोन खोल्या नव्याने करून घ्यायच्या होत्या. पहिल्या भेटीत त्यांनी कामाचा आवाका सांगितला, आपल्या कार्यालयाचेही काम लवकरच निघणार असल्याचे सुचवले आणि साधे कोटेशन मागितले. इथपर्यंत काहीच वावगे नव्हते. जागा पाहणे, समोरच्याच्या अपेक्षा समजून घेणे आणि ढोबळ खर्च सांगणे हे काम मिळवण्यासाठी करावेच लागते, आणि त्याचे पैसे मागणे मलाही पटत नाही. मात्र त्यानंतर मागण्या वाढत गेल्या. ढोबळ आकड्यावर घरच्यांचे समाधान होत नाही, तेव्हा प्रत्येक बाबीचा वेगळा दर हवा. दर काढायचा तर नेमकी मापे घ्या. मापे घेतलीच आहेत तर ड्रॉइंगही काढून द्या. ड्रॉइंग पाहून घरच्यांना काही बदल सुचले आहेत, तेवढे करा. एकेकटी पाहिली तर यातली कोणतीही मागणी किरकोळच वाटते, आणि प्रत्येक मागणीबरोबर ‘काम तर तुम्हालाच द्यायचे आहे, मॅडम’ हे आश्वासन ठरलेले असे. अखेर त्यांनी प्लायवूडची कटिंग लिस्ट, म्हणजे कोणत्या मापाचे किती तुकडे कापायचे याची यादीसुद्धा मागून घेतली. कारण काय, तर माल किती लागेल याचा त्यांना अंदाज हवा होता.

या कागदांत किती श्रम असतात हे बाहेरच्या माणसाला सहसा कळत नाही. त्या स्वयंपाकघरात ओट्याखाली एका कोपऱ्यात सांडपाण्याचा पाइप बंदिस्त केलेला होता आणि ते बांधकाम भिंतीच्या पुढे आले होते. त्यामुळे तिथल्या कपाटाची खोली इतर कपाटांसारखी 60 सेंटिमीटर न ठेवता 45 सेंटिमीटरच ठेवावी लागत होती, आणि त्यानुसार शेजारच्या ड्रॉवरची रचनाही बदलत होती. शिवाय 8 बाय 4 फुटांच्या शीटमधून कोणता तुकडा कसा काढला म्हणजे कमीत कमी प्लाय वाया जाईल, हे एकेक फळी मांडून ठरवावे लागते. हे सगळे बसवून झाल्यावर सुताराला उरते ते कापणे आणि जोडणे.

कटिंग लिस्ट पाठवल्यानंतर ग्राहकांनी फोन उचलणे बंद केले. काही आठवड्यांनी एका अनोळखी सुताराचा फोन आला. त्याच्या हातात माझे ड्रॉइंग होते, त्यावर माझा नंबर होता आणि कोपऱ्यातल्या कपाटाची खोली 45 का दाखवली आहे, एवढेच त्याला विचारायचे होते. त्या बिचाऱ्याला वाटत होते की ड्रॉइंगचे पैसे मला केव्हाच मिळाले असणार. मी त्याला पाइपबद्दल सांगितले, कारण त्याचा यात काही दोष नव्हता. त्यानंतर मी ग्राहकांना डिझाइनचे बिल पाठवले. त्यावर त्यांचे उत्तर आले की हे तर कोटेशन होते, आणि कोटेशनचे पैसे कोणी घेत नाही.

फसवणुकीचे मूळ नेमके या उत्तरात आहे. जो कागद घेऊन दुसरा माणूस थेट कामाला लागू शकतो, त्याला कोटेशन म्हणताच येत नाही. ते पूर्ण झालेले काम असते. ग्राहकाने माझ्या खर्चाने डिझाइन करून घेतले आणि ज्याला डिझाइनवर वेळ घालवावा लागलाच नाही, अशा माणसाकडून साहजिकच कमी दर मिळवला. दर कमी लावला म्हणून त्या सुताराला नावे ठेवणे मला मुळीच मान्य नाही.

कायद्याने आपली बाजू अगदीच लंगडी नसते. कॉपीराइटविषयीचा आंतरराष्ट्रीय बर्न करार 1886 चा आहे आणि 1908 च्या बर्लिन येथील दुरुस्तीपासून त्यात कॉपीराइटसाठी नोंदणीची अट नाही. करारातल्या देशांत ड्रॉइंगवरचा हक्क ते काढताक्षणीच निर्माण होतो. पण कॉपीराइट रेखाटनाला मिळतो, कपाट 45 सेंटिमीटर खोल ठेवण्याच्या कल्पनेला नाही. शिवाय एका स्वयंपाकघराच्या ड्रॉइंगसाठी कोर्टात जायचे, तर वकिलाची फीच बुडालेल्या पैशांपेक्षा जास्त होते, आणि फसवणाऱ्याला हे ठाऊक असते. म्हणून बंदोबस्त आधीच करावा लागतो.

आता मी पहिली भेट आणि ढोबळ आकडा विनाशुल्क देते. मापे घेण्यापूर्वी मात्र डिझाइनची फी लेखी ठरवून आगाऊ घेते, आणि काम मलाच मिळाले तर ती अंतिम बिलातून वजा करते. ज्यांना खरोखर काम द्यायचे असते, त्यांना हे समजावून सांगितल्यावर सहसा पटते. फी जमा होईपर्यंत ड्रॉइंग समोर बसून दाखवते, हातात देत नाही आणि फोनवरही पाठवत नाही. कटिंग लिस्ट तर काम पक्के झाल्याशिवाय तयारच करत नाही. एखाद्या संस्थेसाठी किंवा अडचणीतल्या माणसासाठी मी आजही आनंदाने विनामोबदला काम करते, पण तेव्हाही बिल बनवते, त्यात पूर्ण रक्कम लिहिते आणि तेवढीच सूट दाखवते, म्हणजे काय दिले आणि किती दिले याची दोन्हीकडे नोंद राहते. माझ्या कामात दोष निघाला तर तो दुरुस्त करण्याचे पैसे अर्थातच घेत नाही, कारण ती माझी जबाबदारी आहे.

‘पुढे मोठे काम आहे’ असे कोणी सांगितले, तर त्या मोठ्या कामाची वर्क ऑर्डर आणि आगाऊ रक्कम आजच मागावी, आणि ती मिळेपर्यंत समोरच्या छोट्या कामाला पूर्ण दर लावावा.