टाचांच्या भेगा: कोकमतेल की युरियाचं क्रीम?

आमची आजी रात्री पाय धुऊन पुसायची, कोकमतेलाचा गोळा दिव्याच्या धगीवर धरायची आणि वितळलेला थेंब जरा निवला की भेगेत सोडायची. हे तेल साधारण 38-40 अंशांना वितळतं, त्यामुळे भेगेत गोठून बसतं आणि कातडीची ओल टिकवतं. पाय टेकताना येणारी कळ बरीच कमी होते.

पण टाच जाड, पिवळट, खरखरीत झाली असेल तर तेल वरच राहतं. तिथे 20-25 टक्के युरियाचं क्रीम सरस. ते कडक थर मऊ करतं. उघड्या भेगेवर मात्र फार झोंबतं, तिथे मी कोकमच लावीन.

मधुमेह असेल तर गरम थेंब अजिबात नको. पायाला चटका अनेकदा कळतच नाही. अशांनी भेग दिसताच डॉक्टर गाठावा.