पी-मूल्य की विश्वास-अंतराल?

इंदूरमधील मराठी कुटुंबांपैकी किती घरांत मुले आपसांत मराठी बोलतात, हे नमुना पाहणीतून जाणून घ्यायचे आहे, असे समजू. यादृच्छिकपणे निवडलेल्या 400 घरांपैकी 220 घरांतून, म्हणजे 55 टक्के घरांतून, होकार आला. खरे प्रमाण नेमके निम्मे असते, तर निम्म्यापासून इतका किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची संभाव्यता, म्हणजेच पी-मूल्य, सुमारे 0.046 येते, तर 95 टक्के विश्वास-अंतराल, म्हणजे नमुन्यावरून काढलेला खऱ्या प्रमाणाचा अंदाजी पट्टा, साधारण 50.1 ते 59.9 टक्के येतो. आता 10,000 घरांपैकी 5,100 घरांनी होकार दिला असता, तर पी-मूल्य तितकेच राहिले असते, परंतु अंतराल जवळपास 50 ते 52 टक्क्यांपुरता आक्रसला असता. दोन अगदी भिन्न परिस्थितींना पी-मूल्य एकच आकडा देते, म्हणून अहवालात अंतराल हवाच, असे माझे ठाम मत आहे.

गृहीतक (इथे, खरे प्रमाण निम्मे आहे हे) खरे असण्याची संभाव्यता पी-मूल्य सांगत नाही, हे अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने 2016 मध्ये स्पष्ट केले आहे. अंतरालाचाही अर्थ जपून लावावा लागतो: 95 टक्के हा भरवसा पद्धतीचा असतो (पाहणी पुन्हापुन्हा केली, तर सुमारे 95 टक्के अंतरालांत खरे प्रमाण सापडेल), हाती आलेल्या विशिष्ट अंतरालाचा नव्हे.

पाहणी केवळ गणेशोत्सवाच्या मराठी कार्यक्रमांना येणाऱ्या कुटुंबांचीच केली, तर मराठी टिकवून असलेली घरेच नमुन्यात अधिक येतील. ही त्रुटी दोन्ही साधनांना दिसत नाही, आणि नमुना वाढवल्याने ती दूरही होत नाही; उलट चुकीच्या आकड्याभोवतीचा अंतराल अधिक अरुंद होतो.