स्तोत्रसंहितेचं समूहगान: काही महिने रोज ऐकल्यावर

गेल्या पावसाळ्यापासून बायबलमधल्या स्तोत्रांवर बांधलेलं समूहगान रोज ऐकतोय, बहुतेक फोंडा-पणजी बसमध्ये. माझा कान भजनात आणि पेटीवर तयार झालेला. मुख्य सल्ला आधीच देतो: गाजलेल्या रचनांकडे लगेच धावू नका, आधी साधं ग्रेगोरियन पठण, म्हणजे कॅथलिक चर्चचं जुनं एकसुरी लॅटिन गायन, ऐका.

या पठणात ओळीचे दोन भाग असतात. पहिला भाग जवळजवळ एकाच स्वरावर म्हणायचा, छोटं वळण घ्यायचं, थांबायचं. मग दुसरा भाग म्हणत खाली उतरायचं. दोन बाजू आलटूनपालटून गातात. पहिले काही दिवस कंटाळा येतो, पण नंतर तो विराम कान स्वतःच शोधू लागतो, आणि पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

इटालियन संगीतकार माँतेवेर्दीच्या १६१० च्या 'व्हेस्पर्स'मधलं (संध्याकाळच्या प्रार्थनेचं संगीत) १२७ वं स्तोत्र घ्या. दहा आवाज, पाच-पाचांचे दोन गट. दोन्हीकडचे टेनर (पुरुषांचा वरचा आवाज) ते जुनं पठण लांब स्वरांत धरून ठेवतात आणि बाकीचे त्याभोवती धावतात. एकल तबल्याला पेटीवर नगमा, म्हणजे परत परत येणारी तीच धून, धरतात तसं. हे कळलं त्या दिवशी मी तेच स्तोत्र परत परत लावलं. अजूनही त्यात नवं काही सापडतं. दोन्ही कानांत इअरफोन हवेतच, एकाच कानाने ऐकलं तर अर्धा गट हरवतो.

आलेग्रीच्या 'मिझेरेरे'चं (५१ वं स्तोत्र) मात्र उलट झालं. व्हॅटिकनमधल्या सिस्टाइन चॅपेलसाठीची ही रचना चौदा वर्षांच्या मोझार्टने १७७० मध्ये ऐकून लिहून काढली, त्यामुळे सगळे तिथूनच सुरुवात करतात. त्यातला आकाशाला भिडणारा सोप्रानोचा (सगळ्यात उंच आवाजाचा) स्वर सुरुवातीला अंगावर काटा आणायचा. तो मुळात आलेग्रीचा नाहीच, नंतरच्या नकलांतून आलाय. तेच संगीत कडव्यामागून कडवं परत येतं, म्हणून तो प्रभाव लवकर ओसरला. आता मी त्यातल्या मधल्या साध्या पठणासाठी ते ऐकतो.

अमेरिकन संगीतकार बर्नस्टाइनचं १९६५ चं 'चिचेस्टर साम्स' (साम्स म्हणजे स्तोत्रं) हिब्रूत आहे. त्यात १०० वं स्तोत्र सात मात्रांत धावतं. रूपक वाजवणाऱ्यांनी जरूर ऐकावं. स्ट्राविन्स्कीची १९३० ची 'सिंफनी ऑफ साम्स' मला अजून कोरडी वाटते. त्यातल्या वाद्यवृंदात व्हायोलिन नाहीत, त्याहून थोडे मोठे व्हायोलाही नाहीत. दर महिन्याला एकदा तरी परत लावतो.

मराठी स्तोत्रसंहिता जवळ ठेवा. लॅटिन परंपरेतले बरेचसे क्रमांक एकाने मागे असतात: तिथलं ५० वं ते आपल्याकडचं ५१ वं. शब्द समोर असले की 'मिझेरेरे'तली याचना वेगळीच लागते. ख्रिस्ताची कथा सांगणारं मराठी ओवीतलं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये इथेच गोव्यात राशोलला छापलं गेलं. गोव्यातल्या मराठी माणसाला हा विषय परका वाटायचं काही कारण नाही.

बस ही यासाठी वाईट जागा आहे. हळू आवाजातले भाग इंजिनाखाली दबतात, आवाज वाढवावा तर पुढच्या ओळीला कान फाटतात. ते भाग रात्री घरी ऐका. आणि जमेल तेव्हा प्रत्यक्ष ऐका. कोरेज्माच्या (ईस्टरआधीच्या उपवासाच्या) दिवसांत गोव्यातल्या चर्चमध्ये मोतेत, म्हणजे अनेक आवाजांतली धार्मिक गीतं, गातात. सगळेच स्तोत्रांवरचे नसतात, पण चुन्याचा गिलावा केलेल्या उंच भिंतींमध्ये चार आवाज एकमेकांत कसे मिसळतात ते इअरफोनमध्ये कळत नाही. या वर्षी मी त्यासाठी आधीपासून सुट्टी मागून ठेवणार आहे.