शाई, रक्त, दूध: क्युवेट लावू, स्फिअर घेऊ, की लेझरचा आवाज ऐकू?

आरपार न दिसणारं काही द्रव तुमच्याकडे आहे आणि ते प्रकाश किती शोषतं ते मोजायचंय, तर आधी एवढंच बघा की पातळ करून चालणार आहे का. चालत असेल तर लेझर-बिझरच्या नादी लागू नका, साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर (कुठल्या रंगाचा किती प्रकाश पलीकडे पोचतो ते मोजणारं यंत्र) बास. किंवा १ मिमीचं क्युवेट, म्हणजे द्रव ठेवायची पारदर्शक डबी, घ्या, शाईसारख्या नुसत्या काळ्या मालाला बरेचदा तेवढ्यानेच भागतं. पण अॅब्सॉर्बन्स (शोषणाचं माप) ३ म्हणजे हजारातला एकच भाग प्रकाश पलीकडे पोचतोय, त्याच्या वरच्या आकड्यांवर मी तरी फारसा विश्वास ठेवत नाही.

दुधाचं दुखणं वेगळंच. दूध प्रकाश पीत नाही, इकडेतिकडे उडवतं, आणि उडालेला प्रकाश डिटेक्टरवर आला नाही की मशीन बिनधास्त म्हणतं शोषला. रक्तात तर पातळ करणंच अंगाशी येतं, नुसतं पाणी घातलं की तांबड्या पेशी फुटतात आणि मग आपण मोजतो ते मूळ रक्त राहतच नाही.

इंटिग्रेटिंग स्फिअर म्हणजे आतून पांढराशुभ्र पोकळ गोळा, उडालेला प्रकाशही गोळा करतो आणि त्यावरून गणित करून शोषण वेगळं, स्कॅटरिंग (प्रकाश इकडेतिकडे उडणं) वेगळं काढता येतं. दोन्ही आकडे हवे असतील तर हाच घ्या. फक्त थर एकदम पातळ लागतो, आणि कडेने निसटलेला प्रकाश शोषणाच्या खात्यात जमा होतो.

आता आवाजवाली पद्धत, फोटोअकूस्टिक. मूळ शोध ग्रॅहॅम बेलचा, १८८० चा, हो तोच टेलिफोनवाला. काही नॅनोसेकंदांचा लेझर पल्स पडला की जिथे प्रकाश शोषला गेला तिथलं द्रव किंचित तापतं, फुगतं आणि दाबाची लाट निघते, ती सेन्सरने पकडायची, तोच आपला सिग्नल. स्कॅटर झालेला प्रकाश आवाज करत नाही, सगळी मजा इथेच आहे. (प्रकाश किती खोल पोचतो हे मात्र स्कॅटरिंगने बदलतं, त्यामुळे दूध इथेही छळतंच.)

सिग्नलच्या उंचीवरून मोजाल तर तापमान सांभाळा. आम्ही एकदा पाण्यातली शाई फ्रिजमधून काढून तशीच लावली, सिग्नल जवळजवळ गायब, अर्धा तास लेझरवर संशय! पाणी ४ डिग्रीच्या आसपास तापवलं तरी फुगत नाही, मग आवाज येणार कुठून. म्हणून मला उंचीपेक्षा सिग्नलच्या आकारावरून मोजणं आवडतं, दाब किती झपाट्याने चढतो त्यावरून शोषण थेट निघतं आणि लेझरची ताकद जरा हलली तरी फरक पडत नाही. पण वेग लागतो. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश रक्तात साधारण ४० मायक्रॉनमध्येच बराचसा संपतो, एवढं अंतर आवाज २५-३० नॅनोसेकंदांत कापतो, म्हणजे १ मेगाहर्ट्झचा स्वस्त सेन्सर तो आकार पार चोथा करून टाकेल, निदान वीस-तीस मेगाहर्ट्झ झेपणारा हवा.

शिवाय लेझरला लाखांत पैसे आणि रंग एक-दोनच, अख्खा स्पेक्ट्रम हवा असेल तर बजेट आणखी फुगतं. तरी न पातळ केलेलं रक्त आणि एकच वेव्हलेंग्थ असं काम असेल तर मी आवाजच घेईन, आणि पैसे आधी सेन्सरवर घालीन, मग लेझरवर.