पुन्हा वाचायचं की पुस्तक मिटून आठवायचं?

वेळ ठरावीक आणि अभ्यास भरपूर, ही अडचण शिकवणाऱ्याची आणि शिकणाऱ्याची सारखीच. मग तो वेळ नेमका कशावर घालवायचा? पुन्हा पुन्हा वाचन, रंगीत पेनाने खुणा, सराव चाचण्या, उजळणीचं वेळापत्रक, प्रत्येकाचे पाठीराखे आहेत. इथे ज्या जोड्या समोरासमोर ठेवल्या आहेत, त्यांवर प्रत्यक्ष प्रयोग झाले आहेत. निवडताना एक कसोटी लावा, असा माझा आग्रह आहे: आठवड्याने किंवा महिन्याने किती उरतं? आज किती आलं, यावरून ठरवलं की हमखास चुकीची पद्धत निवडली जाते.

पुन्हा वाचणं की आठवून पाहणं

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा २००६ मधला प्रयोग यासाठी नीट बघण्यासारखा आहे. विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. एका गटाने चारही सत्रांत उतारा फक्त वाचला. दुसऱ्या गटाने पहिल्या सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत, समोर काहीही न ठेवता, आठवेल तेवढं कागदावर उतरवलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने पारडं फिरलं: वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. वाचणाऱ्या गटाच्या नजरेखालून उतारा सरासरी १४ वेळा गेला होता, दुसऱ्या गटाच्या जेमतेम साडेतीन वेळा. तरीही आपल्याला जास्त लक्षात राहील, असा विश्वास वाचणाऱ्यांनाच अधिक होता.

याचं कारण समजून घ्यायला हवं. पाचव्यांदा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ओळखीचं वाटलं की येतं असं वाटतं. परीक्षेत मात्र पान समोर नसतं. पान समोर नसताना आठवण्याचा सराव हा पान मिटूनच होतो.

वर्गात हे करायला काहीही खर्च नाही. तास सुरू होताच पाच मिनिटं, तीन प्रश्न: एक कालच्या धड्यावरचा, एक मागच्या आठवड्यातला, एक महिन्यापूर्वीचा. उत्तरं सगळ्यांनी लिहायची, लगेच तपासायची, गुण द्यायचे नाहीत. ‘कोण सांगेल?’ असं विचारून वर आलेल्या एका हाताला संधी दिली, तर आठवण्याचे कष्ट त्या एकट्याचेच होतात. बाकीचे नुसतं ऐकतात. आणि तपासणं टाळू नका. चुकीचं उत्तर तसंच राहिलं तर तेच पक्कं होण्याचा धोका असतो.

खुणा करण्याबद्दल थोडक्यात. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या १० पद्धती पुराव्यांवर तपासल्या. सराव चाचण्या आणि अंतर ठेवून केलेला अभ्यास सर्वात उपयुक्त ठरला. पुन्हा वाचणं आणि अधोरेखन यांची उपयुक्तता कमी निघाली. एकच सवय बदलायची असेल, तर आठवून पाहण्यापासून सुरुवात करा.

एका बैठकीत की अंतर ठेवून

स्मरणशक्तीवर प्रयोग करणारे जर्मन मानसशास्त्रज्ञ हरमान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवलं होतं की विखरून केलेला अभ्यास जास्त टिकतो. प्रश्न उरतो तो अंतर किती ठेवायचं याचा. ढोबळमानाने, शिकलेलं आठवड्याने लागणार असेल तर पहिला अभ्यास आणि उजळणी यांत एखाद-दोन दिवसांचं अंतर पुरतं; वर्षभराने लागणार असेल तर तीन-चार आठवड्यांचं बरं. उद्याच परीक्षा असेल तर एका बैठकीतला अभ्यास तेवढ्यापुरता वेळ निभावून नेतो, हे मान्य. पण पुढच्या वर्षीचा अभ्यास ज्याच्यावर उभा राहणार आहे, त्या विषयात ‘पुढचे पाठ, मागचे सपाट’ अशी गत होते.

एकाच प्रकारची गणितं की मिसळून

इथे आकडे चक्रावून टाकणारे आहेत. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये विद्यार्थ्यांना चार अपरिचित घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका प्रकारची सगळी गणितं संपवून मग दुसरा प्रकार घेणाऱ्यांची सरावात ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळून सोडवणाऱ्यांची ६० टक्के. आठवड्यानंतरच्या चाचणीत पहिला गट २० टक्क्यांवर आला, दुसरा ६३ वर. एकाच प्रकारची गणितं ओळीने सोडवताना सूत्र निवडावं लागत नाही, ते वरच्याच गणितातून उचललं जातं. चाचणीत मात्र सगळी गाडी सूत्र निवडण्यापाशीच अडते.

नवी रीत पहिल्यांदा शिकवताना दोन-चार गणितं एकसारखी द्यावीत. त्यानंतरच्या स्वाध्यायात जुने प्रकार मिसळावेत. मुलं सुरुवातीला जास्त चुकतील आणि पालक काळजी करतील, तेव्हा त्यांना कारण आधीच सांगून ठेवलेलं चांगलं.

दृश्य, श्राव्य अशा ‘शिकण्याच्या शैली’ ओळखून त्यानुसार शिकवण्यावर मी वेळ घालवणार नाही. २००८ मध्ये हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी या कल्पनेचा आढावा घेतला आणि तशी विभागणी करायला पुरेसा पुरावा नसल्याचा निष्कर्ष काढला.

सोडवून दाखवायचं की शोधू द्यायचं

याचं उत्तर समोर कोण आहे यावर ठरतं. नवख्याला थेट कोडं दिलं तर सगळं लक्ष चाचपडण्यात जातं आणि रीत शिकायला डोक्यात जागाच उरत नाही. जॉन स्वेलर आणि ग्रॅहॅम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितावर केलेल्या प्रयोगांत, सोडवलेली उदाहरणं अभ्यासणारे विद्यार्थी पुढची तशीच गणितं कमी वेळात सोडवू लागले. पण ज्याला रीत आली आहे, त्याला तीच सोडवलेली उदाहरणं ओझं होतात. त्याला गणितच द्यावं.

एकाच वर्गात दोन्ही तऱ्हेची मुलं असतात, तेव्हा मधला मार्ग चांगला चालतो. पहिलं उदाहरण पूर्ण सोडवून दाखवा. दुसऱ्यात शेवटची पायरी रिकामी ठेवा, तिसऱ्यात शेवटच्या दोन, आणि प्रत्येक रिकाम्या पायरीशेजारी ‘हे इथे का केलं?’ याचं एका ओळीत उत्तर लिहून घ्या. ज्याला ती ओळ लिहिता येत नाही, त्याच्यासाठी पुन्हा पूर्ण सोडवलेलं उदाहरण काढा.